माजी सैनिकांचे अपंगत्व वेतन आणि कायद्याचे साहाय्य

बेळगावकरांना पलटणीचे अप्रूप नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच आमच्या गावात असल्यामुळे कॅम्पच्या रस्त्यावर धावणारे रंगरूट पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या बाजूच्या खेड्यांत तर ज्या आळीतून कोणीही मिलिटरीत गेलेला नाही अशी आळी क्वचितच सापडेल. मुलगा भरती झाला की पेढे वाटले जातात आणि पेन्शनीत आला की सत्यनारायण होतो. परंतु परत येताना त्याच्या ट्रंकेत कोणते कागद असतात आणि त्या कागदांत त्याच्याविषयी काय लिहिलेले असते, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुष्कळदा तो स्वतःही करीत नाही.

आमच्या शेजारी एक माजी शिपाई राहतात. आम्ही मुले त्यांना फौजी काका म्हणतो. मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे कळल्यावर गेल्या दिवाळीत त्यांनी मला घरी बोलावले, पलंगाखालची काळी ट्रंक ओढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद माझ्या हाती दिला. कागद २००४ सालचा, इंग्रजी टंकलिखित. काका सतरा वर्षांची नोकरी करून त्या वर्षी घरी आले. त्यांतली काही वर्षे त्यांनी उंच बर्फाळ सीमेवर काढली होती. सुटतेवेळी झालेल्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाबाचा विकार नोंदला गेला, अपंगत्व तीस टक्के ठरले. पुढच्याच ओळीत मात्र निकाल होता : हा विकार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व वेतनाची मागणी नामंजूर.

“काका, यावर तुम्ही अपील केलं नाहीत?” मी विचारले.

“जाऊ दे की रे बाळ. सरकारनंच नाही म्हटलं, मग कुणाला विचारायचं? साधी पेन्शन मिळते आहे की.”

त्या कागदाच्या तळाशी, ठरावीक मुदतीत अपील करता येईल, अशी एक ओळ होती. ती ओळ काकांना कोणी वाचून दाखवलीच नव्हती. हा लेख त्या एका ओळीसाठी लिहीत आहे. असे कागद आपल्या भागातल्या किती ट्रंकांत पडून असतील याचा हिशेब मजजवळ नाही; परंतु वाचकांपैकी एखाद्याच्या घरी जरी तसा कागद निघाला, तरी या खटाटोपाचे सार्थक होईल.

अपंगत्व वेतन म्हणजे काय?

सैनिकाला नोकरीच्या वर्षांबद्दल मिळते ते साधे निवृत्तिवेतन. सैन्यात शिपाई दर्जाच्या जवानाला त्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. अपंगत्व वेतन ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. नोकरीमुळे शरीराची किंवा मनाची जी हानी झाली तिची ती भरपाई होय. तिचे दोन घटक असतात. पहिला सेवा घटक. पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच आजारामुळे घरी पाठवलेल्या जवानाच्या दृष्टीने हाच मोठा आधार. दुसरा अपंगत्व घटक. तो अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरतो. काकांसारख्या, साधी पेन्शन आधीच मिळत असलेल्या माणसाचा प्रश्न या दुसऱ्या घटकाचा असतो.

हे वेतन मिळण्यास जुन्या नियमांप्रमाणे मुख्य अटी दोन. अपंगत्व वीस टक्के किंवा त्याहून अधिक असावे. आणि ते सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले तरी असावे किंवा सेवेमुळे बळावलेले तरी असावे. यातील ‘किंवा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. बंदुकीची गोळी लागली, सरावात मांडी मोडली, तर ती हानी सेवेमुळे उद्भवली हे उघडच आहे. परंतु एखाद्याच्या शरीरात रोगाचे बीज आधीपासून असेल आणि उंचावरील विरळ हवा, सततचे जागरण, कुटुंबापासूनचा दुरावा यांमुळे तो रोग लवकर किंवा अधिक जोराने उसळला, तरीही दुसरी अट पुरी होऊ शकते. रोग लष्कराने दिला असे सिद्ध करण्याची त्यात गरज नसते.

आता पैशाचा हिशेब पाहू. शंभर टक्के अपंगत्वाला अपंगत्व घटक हा अखेरच्या पगाराच्या तीस टक्के धरतात आणि कमी अपंगत्वाला त्याच प्रमाणात कमी. समजा, हिशेबासाठी पगार ४०,००० रुपये धरला. शंभर टक्क्यांना १२,००० रुपये. मग तीस टक्क्यांना ३,६०० रुपये. परंतु पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, टक्के वरच्या टप्प्यावर नेण्याची पद्धत आली. पन्नासपेक्षा कमी असलेले अपंगत्व पन्नास टक्के धरावयाचे, पन्नास ते पंच्याहत्तरमधले पंच्याहत्तर आणि त्यापुढचे शंभर. म्हणजे तीस टक्केवाल्याला पन्नास टक्क्यांप्रमाणे ६,००० रुपये. आरंभी सरकार हा लाभ फक्त मुदतीपूर्वी आजारामुळे काढून टाकलेल्यांनाच देत असे. नेमलेली मुदत पुरी करून किंवा वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही तो मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी रामअवतार प्रकरणात दिला. महिन्याला सहा हजार म्हणजे वर्षाला बहात्तर हजार. खेड्यातल्या घराला ही रक्कम लहान नव्हे.

पुरावा कोणी द्यायचा?

सामान्य माणसाची समजूत अशी की, जो मागतो त्याने सिद्ध करावे. कोर्टकचेरीत बहुतेक ठिकाणी ती बरोबरही आहे. पण सैनिकाच्या अपंगत्वाबाबत १९८२ च्या पात्रता नियमांनी हे ओझे सैनिकाच्या खांद्यावरून उतरवले आहे.

या नियमांचा आशय साध्या भाषेत असा. पहिली गोष्ट, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद झाली नाही ती व्याधी त्या वेळी नव्हतीच, माणूस धडधाकट होता, असे गृहीत धरावयाचे. दुसरी गोष्ट, पुढे प्रकृती बिघडल्यामुळे त्याला सेवा सोडावी लागली तर तो बिघाड सेवेतच झाला असे मानावयाचे. तिसरी गोष्ट, आपला हक्क सिद्ध करण्याची सक्ती मागणी करणाऱ्यावर नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच द्यावयाचा. आणि चौथी गोष्ट, हा रोग भरतीच्या तपासणीत सापडण्याजोगा नव्हता असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल, तर मंडळाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत.

नियमामागचा न्यायही समजण्यासारखा आहे. भरतीच्या दिवशी आमच्या गावच्या मुलाची छाती मोजतात, डोळे, कान, दात, पाय सारे तपासतात. गुडघ्याला गुडघा लागला तरी परत पाठवतात. इतके पारखून घेतलेला मुलगा आठ-दहा वर्षांनी आजारी होऊन परत आला, तर “हा रोग तुझ्या रक्तातलाच” असे म्हणणाऱ्याने कारण सांगायला नको काय?

धरमवीरसिंग यांचा खटला

हे नियम १९८२ पासून पुस्तकात होते. परंतु त्यांचा अर्थ देशभर ठामपणे बसला तो एका शिपायाच्या खटल्याने. धरमवीरसिंग १९८५ साली सिग्नल्स दलात शिपाई म्हणून भरती झाले. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १ एप्रिल १९९४ पासून, त्यांना फेफऱ्याच्या विकारामुळे वीस टक्के कायम अपंगत्व ठरवून घरी पाठवण्यात आले. विकार प्रकृतिगत आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, असा शेरा मंडळाने मारला आणि पेन्शन नाकारली गेली. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. धरमवीरसिंग सर्वोच्च न्यायालयात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी निर्णय दिला. भरतीच्या वेळी या विकाराची नोंद नव्हती आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिली नव्हती. तेव्हा नियमांतील गृहीत सैनिकाच्या बाजूने लागू होते, असे ठरवून न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. घरी पाठवल्यापासून एकोणीस वर्षे लोटली होती. पुढे २०१४ मध्ये सुखविंदरसिंग यांच्या आणि २०१५ मध्ये राजबीरसिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवले आणि २०२५ मध्ये बिजेंदरसिंग यांच्या प्रकरणातही ते पुन्हा उचलून धरले. सुखविंदरसिंग प्रकरणात आणखी एक मुद्दा आला. ज्याला अपंगत्वामुळे सेवेतून काढावे लागले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांच्या वरच आहे असे समजले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

फौजी काकांच्या कागदावरचा शेरा मी पुन्हा वाचला, तो या दृष्टीने. ‘सेवेमुळे नाही’ असे तेथे लिहिले होते. का नाही, ते कोठेच नव्हते.

सगळेच दावे जिंकतात असे नाही

वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. गृहीत हे गृहीतच असते. सबळ कारणांनी ते खोडता येते. मंडळाने सविस्तर आणि पटण्याजोगी कारणे दिली असतील तर न्यायालय सहसा डॉक्टरांचे मत डावलत नाही. अपघाताच्या बाबतीत तर सेवेशी कार्यकारणसंबंध दिसावा लागतो. सुटीत बहिणीच्या घरी पडून जायबंदी झालेल्या माजी नायक विजयकुमार यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. त्या पडण्याचा सैनिकी कामाशी काही संबंध नव्हता.

नियमही बदलले आहेत. २१ सप्टेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी नवे पात्रता नियम लागू झाले. त्या तारखेनंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांनी नवे नियम पाहावयाचे. वर सांगितलेले १९८२ चे नियम व त्यांवरचे निर्णय आधी सुटलेल्यांना उपयोगी. म्हणून वकिलाकडे जाताना पहिला प्रश्न तारखेचा असतो : कोणत्या दिवशी भरती, कोणत्या दिवशी सुटका?

आधी कागद, मग कोर्ट

कायद्याची मदत मिळवण्याची पहिली पायरी वकिलाच्या जिन्याची नसून ट्रंकेच्या झाकणाची आहे. पुढील कागद शोधावेत : डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, सुटतेवेळच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही, मागणी नामंजूर केल्याचे पत्र, सैनिकी इस्पितळात दाखल झाल्याचे कागद, जखम झाली असल्यास जखमेचा अहवाल व चौकशीचे निष्कर्ष. ज्या ज्या ठिकाणी पोस्टिंग झाले त्यांची वर्षवार यादी स्वतःच्या हाताने करावी. रोगाचे निदान कोणत्या साली, कोणत्या ठिकाणी असताना झाले, हे या यादीशेजारी लिहिले की अर्धा दावा आपोआप उभा राहतो. बर्फाळ सीमेवर असतानाच प्रथम रक्तदाब आढळला, ही नोंद पानभर युक्तिवादापेक्षा मोलाची.

कागद हरवले असतील तर आपल्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लिहावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. सिग्नल्स, तोफखाना वगैरेंची त्यांच्या त्यांच्या केंद्रांत. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची व भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची. मात्र जुनी दप्तरे ठरावीक वर्षांनंतर नष्ट केली जातात. आजचे काम उद्यावर टाकू नये, याचे हे पहिले कारण.

अपिलाच्या पायऱ्या

नामंजुरीवर पहिले अपील लष्करी मुख्यालयातील अपील समितीकडे जाते. पत्रात सांगितलेली मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवता येते. ते फेटाळले गेले तर त्यावर दुसरे अपील. येथवर वकील लागतोच असे नाही. साधे, मुद्देसूद पत्र पुरते. भरतीच्या वेळी मी निरोगी होतो, रोग अमुक वर्षी अमुक ठिकाणी आढळला, मंडळाने कारणे दिलेली नाहीत, अमुक नियमांप्रमाणे मला शंकेचा फायदा मिळावा, असे चार परिच्छेद. पाठवण्यापूर्वी झेरॉक्स काढावी आणि पोस्टाची पावती डिस्चार्ज बुकात ठेवावी.

तेथेही नकार आला, किंवा सहा महिने वाट पाहून उत्तरच आले नाही, तर दरवाजा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि ऑगस्ट २००९ पासून सुरू झाले. पूर्वी अशा प्रत्येक वादासाठी उच्च न्यायालयात जावे लागे. न्यायाधिकरणापुढे एक न्यायिक व एक लष्करी अनुभवाचा सदस्य बसतो. माजी सैनिकच नव्हे, तर त्याचे अवलंबित व वारसही तेथे जाऊ शकतात. तेव्हा धनी गेला म्हणून विधवेने कागद चुलीत घालू नयेत. त्याच्या थकबाकीचा प्रश्न तीही काढू शकते.

कोणत्या पीठाकडे जावयाचे, यात आमच्या सीमाभागाची मोठी मौज आहे. निवृत्त माणसाला आपण राहतो त्या भागाच्या पीठाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांसाठी पीठ मुंबईला. कर्नाटक व केरळ यांसाठी कोचीला. म्हणजे एकाच पलटणीत, एकाच बराकीत राहिलेले दोन दोस्त. एकाचे घर चंदगड तालुक्यात, त्याने मुंबईची गाडी धरावी आणि दुसऱ्याचे शेजारच्या बेळगाव तालुक्यात, त्याने कोचीची! इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसासाठी पीठ जबलपूरला. म्हणून घरचा पत्ता कोणत्या राज्यातला, हे वकिलाला आरंभीच सांगावे. दुसऱ्या राज्यात वकील शोधण्याचा प्रश्न येतो, पण प्रत्येक तारखेला अर्जदाराने स्वतः हजर राहावे अशी गरज सहसा नसते. कामकाज मुख्यतः कागदांवर चालते.

न्यायाधिकरणाचा निकाल विरुद्ध गेला तरी रस्ता संपत नाही. महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तर सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय आहे. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही अशा बाबतीत नाहीसा झालेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले.

उशिराची किंमत

“वीस वर्षं झाली, आता कोण ऐकणार?” हा काकांचा दुसरा प्रश्न होता. याचे उत्तर तरसेमसिंग यांच्या प्रकरणात मिळते. त्यांना १९८३ साली वैद्यकीय कारणावरून सैन्यातून काढले. अपंगत्व वेतनासाठी ते उच्च न्यायालयात गेले ते १९९९ साली, सोळा वर्षांनी. पेन्शन हा दर महिन्याला उपजणारा हक्क असल्यामुळे ती न देणे हा दर महिन्याचा नवा अन्याय आहे. म्हणून केवळ उशीर झाला एवढ्यावरून दावा बुडत नाही. परंतु मागील थकबाकी मात्र, दावा दाखल केल्याच्या तारखेपासून मागे तीन वर्षांपुरतीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले.

या निकालात आशा आहे आणि इशाराही आहे. आपल्या वरच्या उदाहरणात वर्षाला बहात्तर हजार धरले होते. तीन वर्षांचे होतात २,१६,००० रुपये. वीस वर्षे गप्प बसलेल्याची सतरा वर्षे गेली, ती बहुधा परत येत नाहीत. आणखी एक वर्ष वाट पाहिली तर आणखी एक वर्ष जाते. हक्क मरत नाही, पण दरसाल झिजतो.

मदत कोठे, कोणाची?

पहिले ठिकाण जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय. महाराष्ट्रात व कर्नाटकातही अशी कार्यालये आहेत. अर्ज कसा लिहावा, कोठे पाठवावा, हे तेथे विनामूल्य सांगतात.

दुसरे ठिकाण जिल्हा विधिसेवा प्राधिकरण. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे काही वर्गांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. अपंग व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती हे त्यांतले काही. शिवाय ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असलेले कोणीही. म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेला माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा यांना गरिबीचा दाखला देत बसण्याचे कारण नाही. हा कायदा न्यायाधिकरणांपुढील प्रकरणांनाही लागू आहे. न्यायाधिकरण परराज्यात असल्यास अर्ज तेथील प्राधिकरणाकडे पाठवण्याची विनंती करावी. दूरध्वनीवरून विचारावयाचे असल्यास राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. शिवाय सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना २६ जुलै २०२५ रोजी सुरू झाली असून तिच्यात सैनिक बोर्डांतच विधिसेवा केंद्रे उघडण्याची तरतूद आहे.

तिसरे, स्वतःचा खाजगी वकील. तो नेमताना अशा प्रकरणांचा अनुभव विचारावा, फी आधी ठरवावी, कागदांच्या मूळ प्रती न देता झेरॉक्स द्याव्यात.

येथे एक सावधगिरीची सूचना. पेन्शनधारकांच्या अवतीभवती दलाल फिरतात. “एक पैसा देऊ नका, थकबाकी आली की निम्मी आमची,” असा त्यांचा करार असतो आणि खेड्यातला माणूस त्यावर सही करतो. १८७१ चा पेन्शन कायदा सांगतो की, अजून हाती न पडलेल्या पेन्शनवर हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल आहे. आणि वकील म्हटला तर, निकालातून मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांनीच त्याला मना आहे. तेव्हा निम्म्याची भाषा करणारा माणूस कोणीही असो, त्याच्या जिन्यावरून मुकाट्याने खाली उतरावे.

आपण काय करू शकतो?

काकांच्या नोकरीची भाषा हिंदी, घरची मराठी, कचेरीची कन्नड आणि नामंजुरीच्या पत्राची इंग्रजी. चार भाषांच्या मध्ये त्यांचा हक्क वीस वर्षे अडकून पडला होता. या अंकात मराठी आणि कन्नड हे दोन विभाग एकाच मुखपृष्ठाखाली नांदतात. काकांच्या कामातही तसेच झाले. इंग्रजी पत्राचा अर्थ मी मराठीत सांगितला. सैनिक कल्याण कार्यालयात बोलणे माझ्या कन्नड विभागातल्या मित्राने केले. आणि पोस्टिंगची यादी काकांनी स्वतः सांगितली, एकही वर्ष न चुकता. कोणत्या साली कोणत्या ठाण्यावर किती फूट बर्फ होते, हेसुद्धा त्यांना पाठ होते. वीस वर्षांत ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी पत्र वाचता येते आणि तारखा ओळीने लिहिता येतात, त्याने आपल्या गावात एवढे काम जरूर करावे. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. सुटीत घरी गेल्यावर शेजारच्या माजी सैनिकाला विचारावे : काका, तुमची ट्रंक कोठे आहे? सुटतेवेळी डॉक्टरांनी काय लिहिले? नामंजुरीचे पत्र आले होते काय? वकिली सल्ला देण्याचा आव मात्र आणू नये. कागद लावून द्यावेत आणि माणसाला योग्य दारापर्यंत सोबत करावी.

काकांचे अपील माघ महिन्यात रजिस्टर पोस्टाने गेले. त्याचा निकाल काय लागेल हे आज सांगता येत नाही, आणि तशी खोटी आशा मी त्यांना दिलेलीही नाही. पोस्टातून परत येताना त्यांनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि थोड्या वेळाने पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाले, “इतकी वर्षं मला वाटत होतं, माझंच काही चुकलं असणार.”

पैसे मिळतील तेव्हा मिळोत. पण आपले काही चुकले नव्हते, एवढे तरी या माणसांना कोणीतरी जाऊन सांगायला हवे.